पावणेदोन तासांवरचं घर

कवळीबाईंचं खरं नाव कामावर कुणी घेत नसे. एकोणीस वर्षं त्या दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवत होत्या. दवाखान्यातून हिरड्यांचा ठसा यायचा, त्यात प्लॅस्टर ओतून साचा करायचा, साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, मग सगळं शिजवून, घासून, चकचकीत करून परत पाठवायचं. ज्याच्या तोंडात ती कवळी जायची तो माणूस बाईंना कधीच दिसत नसे, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. माणसं त्यांना तशीही बेताचीच आवडत.

एका सोमवारी मालकाने पाचही जणांना जमवलं आणि प्रयोगशाळा शहरातल्या एका मोठ्या कंपनीला विकल्याचं सांगितलं. ज्यांना शहरात जायचं त्यांची नोकरी राहील, बाकीच्यांनी आपलं बघावं. मुदत दीड महिन्याची. चौघांनी मालकाला तोंडावर काय काय सुनावलं आणि पिशव्या उचलून घर गाठलं. सुनावलं बाईंनीही, आणि चौघांपेक्षा जास्तच. पण शेवटी त्या म्हणाल्या, "मी जाणार."

न जाऊन करतात काय? नवरा शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कापड बेतायचा. तो कारखाना बंद पडून वर्ष होत आलं होतं. मुलगी चौदा वर्षांची, हट्टात आईवर गेलेली. घरातलं एकच माणूस कमावतं होतं, आणि ते माणूस दातांना मेण लावत बसायचं.

शहरात राहणं परवडणारं नव्हतं, हे शहराचा नकाशा न बघताही कळत होतं. म्हणजे उपनगर. आणि उपनगर म्हटलं की थोरली जाऊ आलीच.

दीर आणि जाऊ गेली वीस वर्षं शहराला लागूनच एका उपनगरात राहत होते. त्या उपनगराला नाव होतं, झाडं होती, आणि तिथल्या लोकांना आपण तिथे राहतो हे सांगायची सवय होती. जाऊबाईंचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. "आमच्याच इमारतीत दुसरा मजला रिकामा होतोय. मालक परदेशात असतात, पण यांच्या शब्दाबाहेर नाहीत. थोडं जास्त पडेल, पण आपल्या माणसांत राहाल. नाहीतर तुम्हाला तिथे विचारतंय कोण?"

शेवटचं वाक्य बाईंच्या कानात रुतून बसलं. जाऊबाईंची बोलण्याची तऱ्हाच ती. बाईंच्या लग्नात, भर मांडवात, त्या पाहुण्यांना म्हणाल्या होत्या, "जगाचे दात करणारीने आधी स्वतःचे सरळ करून घ्यायचे होते." सगळे हसले होते. नवराही हसला होता. तेव्हा तो नवीन होता म्हणून बाईंनी सोडून दिलं.

"दादा म्हणतोय तर बरंच असेल," नवरा म्हणाला. दादा म्हणतोय हे त्याच्या दृष्टीने सगळ्या चर्चेचं शेवटचं पान होतं.

"मी आधी बघते," बाई म्हणाल्या.

त्यांची बघायची पद्धत वेगळी होती. लोक रविवारी नटूनथटून घर बघायला जातात, खिडकी उघडतात, नळ सोडतात, छान म्हणतात. बाईंनी रजा टाकली आणि कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, डबा आणि छत्री घेऊन प्रत्येक उपनगराच्या बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. घर त्या नंतर बघत. आधी घरापासून नव्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत घड्याळ लावून जात.

पहिलं उपनगर जाहिरातीतलं होतं. वीस-वीस मजल्यांचे मनोरे, खाली लावलेलं गवत, आणि गवतावर चालू नये अशा पाट्या. तिथला दलाल टोकदार बुटांतला, सेंट मारलेला तरुण होता. त्याने बाईंना स्वयंपाकघर दाखवलं, त्यातल्या फळ्या दाखवल्या आणि म्हणाला, "शहर फक्त चाळीस मिनिटं, मॅडम."

"चला मग," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"शहरात. चाळीस मिनिटं तर आहेत. जाऊन येऊ."

त्याला वाटलं बाई गंमत करतायत. बाई थांब्यावर जाऊन उभ्या राहिल्यावर तो निमूट मागे आला, कारण गिऱ्हाईक जाण्यापेक्षा चाळीस मिनिटं गेलेली बरी. पहिली बस भरलेली आली आणि न थांबताच गेली. दुसरीत दोघं कसेबसे शिरले. बाईंनी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरलं होतं, तसं मुद्दाम नव्हे, दुसरीकडे हात न्यायला जागाच नव्हती. त्याचे बूट तुडवले गेले, सेंट उडून गेला. चाळीस मिनिटं झाली तेव्हा बस पहिल्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी उभी होती आणि पुढे नजर जाईल तिथवर गाड्याच गाड्या.

"झाली," बाई म्हणाल्या.

"आज गर्दी आहे, मॅडम."

"रोज कमी असते का?"

पुढच्या थांब्यावर तो उतरला आणि उलट्या दिशेने चालायला लागला. बाई शहरापर्यंत उभ्या गेल्या. एक तास पस्तीस मिनिटं. उतरल्यावर पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि अजून दिवसभर बारीक काम करायचं असतं तर हात थरथरलाच असता. थरथरत्या हाताने बसवलेला दात कुणाच्या तरी हिरडीत रुततो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरं उपनगर जावेचं. तिथून शहर खरोखरच जवळ होतं, पंचावन्न मिनिटं, एक बस आणि थोडं चालणं. बाई मनातल्या मनात चरफडल्या, कारण नकार द्यायला जागा उरत नव्हती. मग त्या न कळवता दुसऱ्या मजल्यावर गेल्या.

दार उघडं होतं. एक बाई जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिने मान वर केली ती भांडायच्या तयारीनेच. "अजून चार दिवस आहेत माझे. आत्ताच आलात?"

"मी नुसती बघायला आलेय. वरच्या मजल्यावरच्यांची जाऊ."

ती बाई भांडं हातात घेऊन थांबली. मग हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "म्हणजे आता घरचीच भाडेकरू शोधली होय. बरं केलं. बाहेरचं कुणी टिकत नाही इथे. चार वर्षांत आम्ही तिसरे. मी कुणाला घरी बोलावलं, किती वेळ बसवलं, दिवा किती वाजता घालवला, सगळं वरून बघितलं जातं."

"मालकांना सांगायचं."

"मालकांनाच तर सांगत होते. तुमचे दीर." बाईंच्या चेहऱ्याकडे बघून तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला माहीत नाही? घर त्यांचंच आहे. परदेशातबिरदेशात कुणी नाही. दर महिन्याला स्वतः येऊन दारात उभे राहतात, आत येऊन बसतसुद्धा नाहीत."

बाई जिना उतरल्या त्या वर न जाताच. सख्ख्या भावाला सवलत द्यावी लागू नये म्हणून परदेशातला मालक तयार केला होता, एवढं समजायला फार विचार लागला नाही. राग आला, पण त्या रागात एक समाधानही होतं. इतकी वर्षं त्यांना जावेबद्दल जे वाटत होतं ते चुकीचं नव्हतं.

घरी त्यांनी चकार शब्द काढला नाही. शनिवारी दिराने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं, बोलणी पक्की करायला. पानं उठल्यावर दीर नवऱ्याला म्हणाला, "मालक जरा ताणतायत. पण मी आहे ना. मी त्यांना पटवतो."

"भावजी, मालकांना फोन लावता का?" बाई म्हणाल्या. "मीच बोलते. थेट बोललेलं बरं."

दीर पाणी प्यायला. "आत्ता तिकडे सगळे झोपलेले असतील."

"कुठे? कुठल्या देशात?"

मुलगी फोनमधून डोकं काढून आईकडे बघायला लागली.

"तू आमची उलटतपासणी घेतेस का?" जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी एवढं करायचं आणि वर हे."

"ताई, मी दुसऱ्या मजल्यावर जाऊन आले. तिथल्या बाईंनी मालक कोण ते सांगितलं मला. ते आत्ता माझ्यासमोर बसून पाणी पितायत."

दिराचा चेहरा लाल झाला. तो बाईंशी न बोलता धाकट्या भावाकडे वळला. "हिला सांगितलं नाहीस का तू?"

बाईंना आधी ते वाक्य कळलंच नाही. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो टेबलावरचा एक कण बोटाने टिपत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दादाने सांगितलं होतं. तुला कळलं तर तू येणार नाहीस, म्हणून."

अपमान तो होता. जावेने केलेला अपमान बाई रोजच्या भाजीसारखा पचवू शकत, त्याची त्यांना सवय होती. पण दोन भावांनी बसून आपल्याला कसं फसवायचं हे ठरवलं, आणि त्यातला एक रात्रंदिवस आपल्या शेजारी होता, हे त्यांना गिळता येईना. त्या उठल्या, मुलीला म्हणाल्या, "चप्पल घाल." नवरा दुसऱ्या दिवशी घरी आला.

तिसरं उपनगर त्यांनी एकटीने ठरवलं. बसमार्गाचं ते शेवटचं टोक होतं. टायरच्या कारखान्याचा वास, बैठी जुनी घरं, एक शाळा, एक दवाखाना, चार दुकानं. कुणी तिथे आपणहून जात नसे. शहरापर्यंत पावणेदोन तास लागत. पण बस तिथूनच सुटायची. रिकामी. बाई खिडकीशी बसल्या, डोकं काचेला टेकलं, आणि शहर आलं तेव्हा कंडक्टरने उठवलं. उतरून त्यांनी हात समोर धरून बघितला. स्थिर होता. त्याच संध्याकाळी त्यांनी तिथल्या एका घराच्या कागदांवर सही केली.

नवरा म्हणाला, "मला विचारायचं तरी."

"तुम्ही सांगायचं तरी."

यानंतर दोन महिने दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. मीठ दे, किल्ली कुठाय, मुलीची फी.

नवी वस्तीही काही हार घेऊन उभी नव्हती. शेजारीण पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाली, "आणखी एक घर आलं. पाणी आधीच कमी येतं." बाईंनी उत्तर दिलं, "आम्ही कमी पितो." त्यानंतर तिच्याशीही बोलणं संपलं. मुलीला शाळेत कुणी शेजारी बसू देईना. तिने एकीचं दप्तर खिडकीबाहेर टाकलं आणि जागा मिळवली. मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतलं. बाईंनी माफी मागितली, ती मनापासून नव्हती, आणि मुख्याध्यापकांना ते कळलं.

नवऱ्याला तिसऱ्या महिन्यात काम लागलं. ट्रकवर घालायची ताडपत्री शिवणाऱ्याकडे, घरापासून सात मिनिटांवर. कापड बेतायचं तेच काम, फक्त कापड जाड आणि डांबराच्या वासाचं. पहिल्या आठवड्यात त्याची बोटं सोलली. एका संध्याकाळी बाई घरी आल्या तर तो दारात बसून बोटांना तेल लावत होता.

"दादाचा फोन होता," तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर कुणी येत नाहीये. अजून विचारतोय. बरंच कमी करतो म्हणाला."

बाई चपला काढता काढता थांबल्या. "मग?"

"मी म्हटलं, मला इथे काम आहे."

एवढंच. हे म्हणताना त्याचा चेहरा उतरला होता, जणू कुणाला तरी पुरून आलाय. रविवारी तो अजूनही दादाकडे जातो, एकटा, आणि परत येतो तेव्हा तिथलं काही सांगत नाही. बाई त्या इमारतीची पायरी पुन्हा चढलेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी त्याच्या हातातली बाटली घेतली, त्याची बोटं एकेक करून पाहिली आणि म्हणाल्या, "हातमोजे मागा मालकाकडे. मागितल्याशिवाय देत नाहीत हे लोक."

"देणार नाही तो."

"मग मी येते उद्या."

"नको," तो घाईने म्हणाला. "मी मागतो."

घरात मुलगी हसली. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. बाईंनी तिच्याकडे एक नजर टाकली आणि दार लावून घेतलं.