बसमध्ये बरी असती

भोकर-नांदेड बसमध्ये ती बाई मला बरेचदा दिसते. खिडकीशी तिची तरणी लेक, काचेला गाल लावून गुणगुणत बसलेली. बाई तिची पाठ एका लयीत थोपटत राहते.

एकदा न राहवून विचारलं, "कुठं निघालात?"

"मोठ्या दवाखान्यात, इमर्जन्सीत. लेक स्वमग्न हाय. सकाळधरून भिंतीवर डोकं आपटून घेऊन राहिली. आधी शिकवायला एक ताई घरी यायची, तव्हा लई शांत होती. आता ताईचं येणं बंद झालं."

"पण आत्ता तर बरी दिसते!"

"हाव, बसमध्ये बरीच असती. मग डॉक्टर म्हणतात, काहीच न्हाई, घरी न्या."

नांदेड आलं. सगळे उतरले. बाई मात्र जागची हलली नाही. तिनं कंडक्टरकडं भोकरची दोन तिकिटं मागितली.

या बसच्या फेरीतच ती दवाखान्यात जाऊन आली म्हणायचं, की जायचीच राहिली, मला अजून कळत नाही.