खाटकाचा स्वतःचा तुकडा

फ्रान्समधल्या सँ-जुनियाँ गावात लेओन्स फोशेइतका घुमा खाटीक दुसरा नव्हता. गिऱ्हाईक बोले आणि हा सुरी चालवे. सुरी मात्र अशी, की मांस हाडापासून आपणहून सुटतंय असं वाटावं. बैलाच्या मागच्या खुब्यात, हाडाच्या खोबणीत, तळहाताएवढा एक तुकडा दडलेला असतो. तो सोडवताना लेओन्सचे डोळे अर्धवट मिटत आणि त्याला भलतंच दिसू लागे: नदीकडच्या खिडकीतलं पिवळं ऊन, तव्यात फेसाळणारं लोणी, आणि तव्यावर वाकलेली सोलांज पेरा.

सोलांज हातमोजे शिवायची. नवरा गेल्यावर ती पहिल्यांदा एकटीपुरतं मांस घ्यायला आली, तेव्हा लेओन्सने हा तुकडा कागदात बांधला आणि साध्या मांसाच्या भावात दिला. पुढची नऊ वर्षं दर शनिवारी तेच. अरे बाबा, नऊ वर्षांत माणसाला एक वाक्य बोलता येऊ नये? पण बाई पडली मानी. दया समजेल, दुकानच बदलेल, ही त्याची धास्ती. मग त्याच्या आठवड्यात उरलं काय असतं?

एका शनिवारी भर गर्दीत तिने विचारलं, "मस्यू फोशे, लिमोजची बहीण आलीय माझ्याकडे. तिला गेल्या रविवारी ह्या तुकड्याची चव दिली, तर ती हटूनच बसलीय. परत गेल्यावर तिला तिच्या खाटकाकडे हाच मागायचाय. ह्याला म्हणतात तरी काय?"

"आरेन्ये," तो पुटपुटला. आरेन्ये म्हणजे जाळं विणणारा कोळी.

"अगं बाई! इतकी वर्षं मी कोळी खातेय?"

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. लेओन्सने तुकडा उजेडात धरला. "हे चरबीचे धागे बघा. मधून निघून चहूकडे पसरलेत, जाळ्यासारखे. जुने लोक म्हणायचे, म्हणून हे नाव."

"मग पाटीवर का नाही? भाव काय ह्याचा?"

सुरी थांबली. खोटं बोलावं, तर मागे म्हातारी मादाम ब्रू उभी, तीही खाटकाचीच लेक. तीच बोलली, "भाव कसला? हा विकत नाहीत, पोरी. एवढासा असतो, पण सगळ्यात चवीचा. खाटीक तो स्वतःच्या ताटासाठी ठेवतो."

लेओन्सचे कान लालबुंद. आता ही पैसे आपटून जाणार, याची त्याला खात्रीच पटली.

सोलांज बराच वेळ त्या धाग्यांकडे बघत राहिली.

"आणि नऊ वर्षं तुम्ही काय खाताय?"

"सूप," तो म्हणाला.

"वेडे आहात का हो तुम्ही!" ती ओरडलीच, आणि तिचे डोळे भरून आले. "उद्या चर्च सुटल्यावर घरी या. मी करीन, तुम्ही बसून खायचं. आणि बहिणीसमोर असं मुकं बसायचं नाही, सांगून ठेवते."

ती गेली. मादाम ब्रूने अर्धा किलो खिमा मागितला. किती हवा, हे लेओन्सने तिला तीनदा विचारलं, आणि तिन्ही वेळा म्हातारीने न चिडता सांगितलं.