ठम्मी वेळेवर चालू लागली

आमच्या घड्याळवेड्यांच्या टोळक्यात घड्याळाला कुणी घड्याळ म्हणत नाही. माझी ती ठम्मी. ठमी नव्हे, म ला म जोडून ठम्मी, कारण ती जाडजूड आहे आणि दिवसाला चार मिनिटं मागे पडायची. बँकेतला कॅशियर त्याच्या गोल गरगरीत घड्याळाचं नाव 'ढब्ब्बू' लिहितो, तीन ब घालून. दातांची डॉक्टरीण 'छकूऽली' लिहिते, आणि तो मधला ऽ विसरलात तर दिवसभर फुगून बसते.

या सगळ्यांची दुरुस्ती भिंगकाकांकडे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. बायको गेल्यापासून दुपारचा डबाही दुकानातच खायचे, पण हात धुतल्याशिवाय घड्याळाला शिवायचे नाहीत. दुरुस्तीच्या पाकिटावर घड्याळाचं नाव आम्ही लिहू तसंच उतरवून घ्यायचे. "लेकरू तुमचं, मी कोण सुधारणारा?" म्हणायचे.

मी जात्याच संशयी. बायको म्हणते, आरशात बघतानाही तुम्ही समोरच्यावर लक्ष ठेवून असता. आणि ठम्मी तर वडिलांची. त्यांची म्हणून एवढी एकच वस्तू माझ्याकडे उरली आहे. गेल्या महिन्यात ती काकांकडून परत आणली, तर बाईसाहेब एक मिनिटही मागे पडेनात! टिकटिकही बदललेली. माझ्या मनात पाल चुकचुकली. आतलं यंत्र बदललं असणार! वडिलांच्या मनगटावर चाललेलं यंत्र कुणा दुसऱ्याच्या घशात घातलं असणार. तीन दिवस मला जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी सगळे दुकानात जमले होते. मी ठम्मीचं जुनं हमीपत्र काढलं. त्यावर यंत्राचा नंबर होता.

"काका, झाकण उघडा. सगळ्यांसमोर."

ते उठून हात धुवून आले. मग त्यांनी झाकण उघडलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. नंबर तोच. एकेक आकडा तोच.

"मग ही वेळेवर कशी चालते?" मी तरीही अडलेलाच.

"दर वर्षी तुम्ही बजावायचात, आत हात लावू नका, नुसता पट्टा बदला. या खेपेला म्हणालात, जरा बघा हिच्याकडे. मी बघितलं. तेल वाळून चिकट झालं होतं. साफ केलं."

हो, मीच म्हणालो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तेवढ्यात कॅशियर खाकरला. "काका, आता उघडलंच आहे तर... ढब्ब्बूचंही बघूया का?" मग डॉक्टरीणबाई. मग बाकीचे, दहा-दहा वर्षांच्या ओळखीचे. काकांनी एकामागून एक सहा झाकणं उघडली. सहाही ठीक. कुणाला लाज वाटली, कुणाला हायसं वाटलं. बहुतेकांना हायसंच.

सगळे गेल्यावर मी मागे थांबलो.

"काका, चुकलो. मनापासून सांगतो."

"माहीत आहे मला. पण उद्या हिचा आवाज जरा वेगळा वाटला की तुम्ही पुन्हा कागद घेऊन याल. ते डोक्यात ठेवून माझा हात चालायचा नाही. हिला दुसरीकडे न्या."

"दुसरीकडे कुठे नेऊ, काका? कोण आहे दुसरं?"

"बघा, कुणावर विश्वास बसतो का," ते म्हणाले, आणि ठम्मी माझ्या तळहातावर ठेवली.