विषय सोडून बोलली

जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर देऊळगावकर खुर्चीतच मान मागे टेकतात. मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाच्या मुलाखती चालू आहेत आणि सकाळपासून त्यांनी एकच प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आहे. समोरच्या बाईला तिचा मुलगा गेल्याचं उमेदवाराने सांगायचं. बाई नाटकातल्या, मुलगा खोटा. पाहायचं एवढंच, की उद्याच्या डॉक्टरला माणसाशी बोलता येतं का. पंखा घरघरतो, डोळे मिटतात, आणि समोरच्या खुर्चीत कुसुमताई वाडकर बसलेल्या दिसतात.

ही खुर्ची कित्येक वर्षं त्यांचीच. दरवर्षी त्याच आई व्हायच्या. दिवाळीनंतर त्या गेल्या हे डॉक्टरांना पक्कं आठवतं, पण तोंडावर तसं म्हणणं बरं वाटत नाही.

"लवंग घ्या," ताई डबी पुढे करतात. "घसा बसलाय तुमचा."

मुलाखतींआधी त्या सगळ्यांनाच लवंग द्यायच्या. डॉक्टर निमूटपणे ती तोंडात टाकतात.

"काय म्हणतायत यंदाची मुलं?"

"छान बोलतात. 'मी तुमचं दुःख समजू शकतो.'"

"सगळीच?"

"क्लासमध्ये शिकवतात आता."

"म्हणजे माझं दुःख तोंडपाठ झालं म्हणा." ताई तोंडाला पदर लावून हसतात. डॉक्टरांना हसू येतं आणि ओशाळायलाही होतं. त्या वाक्याला त्यांनी सकाळपासून सढळ हाताने गुण दिले आहेत.

"आणि सकाळची ती मुलगी, ऊर्मिला तायडे?"

आता दोघं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली आहेत. आतून खोकल्याचा आवाज येतो.

"तिचं काही खरं नाही," डॉक्टर म्हणतात. "मुलगा गेला एवढं सांगितलं आणि खुर्ची ओढून बाईंच्या शेजारीच जाऊन बसली. मग विचारते, मावशी, घरी कोण आहे? आज जेवण कोण आणून देईल? विषय सोडून बोलली. दोन गुण दिले."

"दहापैकी?"

"दहापैकी."

"म्हणजे तिची सीट गेली."

"अगदी तसंच काही नाही..." ताई डबी खटकन मिटतात. "गेली," डॉक्टर म्हणतात.

बाकाच्या जागी पाट आहे आणि हे ताईंचं स्वयंपाकघर आहे. ओटा पुसलेला, गॅस थंड. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. भिंतीला टेकून ताईंचे यजमान बसले आहेत. डॉक्टरांच्या हातात डबा आहे, अजून कोमट.

"मी गेले त्या दिवशी हा तुम्हीच आणलात," ताई म्हणतात. "काय म्हणालात यांना तेव्हा?"

डॉक्टर आठवून पाहतात. जन्म गेला लोकांना वाईट बातम्या सांगण्यात, पण त्या दिवशी त्यातला एकही शब्द कामाला आला नव्हता.

"काही सुचलंच नाही. शेजारी बसलो. म्हटलं, दोन घास खाऊन घ्या."

"आणि यांनी खाल्ले. मला तेवढीच काळजी होती हो." ताई यजमानांकडे बघतात. "विषय सोडून बोललात, फार बरं केलंत."

ताईंना सांगायचं काहीतरी डॉक्टरांकडून राहून गेलं आहे, ते ओठावर येतं.

"सर, पुढच्या उमेदवाराला बोलवू?"

दारात नीलिमाबाई उभ्या आहेत, ताईंच्या जागी या वर्षी आलेल्या. टेबलावर ऊन आलं आहे. गुणांचे कागद संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्याच ताब्यात असतात. ते ऊर्मिला तायडेचा कागद काढतात, दोनावर काट मारतात, नऊ लिहितात आणि बाजूला सही करतात.

"तुम्ही जेवलात का?" ते नीलिमाबाईंना विचारतात.

"नाही अजून. वेळच नाही मिळाला, सर."

"आधी जेवून घ्या. उमेदवार थांबेल."

बोलताना जीभ चरचरते. डॉक्टर तोंडातलं तळहातावर काढून बघतात. लवंग आहे, फुलासकट.