दोन लाल ठिपके

माझा राग सहसा बाहेर येत नाही. तो आत बसून वाक्ये दुरुस्त करीत राहतो. त्या दिवशीची काही वाक्ये मी अजूनही दुरुस्त करीत आहे.

कर्जतच्या शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी सोडून मी शिळफाट्यावरच्या धाकट्या दिरांच्या गॅरेजात काम शिकायला जाऊ लागले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने इंजिन का शिकावे, हे मला कोणालाच ठामपणे सांगता आले नाही. बराच काळ फोन घेणे आणि बिले लिहिणे एवढेच माझ्या वाट्याला होते. मग रसायनीच्या एका कामगाराची गाडी आली. टायमिंग चेन सैल होऊन वाजत होती. दीर म्हणाले, ही तुम्ही बदला. नीट बसली तर पुढची इंजिने तुमची, नाहीतर पुन्हा फोन.

ही चेन खालच्या क्रँकचे फिरणे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या कॅमशाफ्टपर्यंत नेते. दोन्हींच्या दातेरी चक्रांवर बारीक, खोलगट खुणा असतात आणि चेनच्या रंगीत कड्या बरोबर त्या खुणांवर याव्या लागतात. काही दातांची चूक झाली, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. तेलकट लोखंडावर त्या खुणा चटकन दिसत नाहीत, म्हणून आमच्या गॅरेजात त्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतात. जाऊबाईंची बाटली घेऊन तो मी दिला.

नवी चेन यायला उशीर झाला आणि मध्ये खंडेनवमी आली. पाने, जॅक, कॉम्प्रेसर यांच्याबरोबर सासूबाईंनी त्या उघड्या इंजिनाचीही पूजा केली. ओल्या बोटाने त्यांनी वरच्या चक्रावर कुंकू टेकवले, ते माझ्या ठिपक्यापासून थोडे दूर.

दसऱ्यानंतर मी गॅरेजात पोहोचले, तेव्हा चेन बसलेली होती. गिऱ्हाईक घाई करीत होते, म्हणून मला न विचारता दिरांनी काम उरकले होते. खांद्याने फोन कानाशी धरून ते आता कव्हरला सीलंट लावीत होते. मी वाकून पाहिले. वरची रंगीत कडी कुंकवावर होती.

मी हळूच सुचवले की कव्हर लावण्याआधी इंजिन एकदा हाताने फिरवून पाहू. ते म्हणाले, गरज नाही, हात बसलेला आहे. मी तरीही पाना उचलला, क्रँकच्या बोल्टला लावला आणि सावकाश फिरवू लागले. थोडे फिरून तो अडला. आत लोखंडाला लोखंड टेकले होते.

"कॉम्प्रेशन हाय ते, वहिनी. जोर लावा."

"प्लग काढलेले आहेत, भावजी. हवा तिथूनच निघून जाते, कॉम्प्रेशन कुठून येणार?"

मी कुंकवाच्या त्या ठिपक्यावर बोट घासले. लाल रंग बोटावर आला. चेनखाली अर्धवट झाकला गेलेला माझा ठिपका मात्र घासूनही निघेना. त्यांनी दोन्ही पाहिले आणि ते बाजूला झाले. चेन उतरवून मी ती पुन्हा बसवली, इंजिन पूर्ण फिरवले. खुणा आपापल्या जागी परत आल्या.

संध्याकाळी मालक गाडी न्यायला आला. दीर हसत त्याला म्हणाले, "अरं, वहिनींनी नेलपॉलिश भलतीकडंच लावलेलं. मी बगितलं म्हणून तुझं इंजिन वाचलं." नेलपॉलिश नखांवरच बरं, असे काहीतरी तो म्हणाला आणि दोघे हसले.

माझ्या हातातले फडके पिळवटले गेले होते. परक्यासमोर दिराला खोटे पाडू नये, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते अंगात मुरलेले होते. दिरांपेक्षाही अधिक संताप मला त्या मुरलेल्या शहाणपणाचा आला. गाडी खालापूरच्या दिशेने निघून गेली, तरी मी तशीच उभी होते.

पुढचे इंजिन ते स्वतःच पाहतील, असे दीर म्हणाले. मी काही दिवस फोन सांभाळावा. मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारले, "रागावलात काय, वहिनी? गंमत केली."

अशा वेळी मी "नाही हो" म्हणत आले आहे.

"हो," मी म्हणाले. "माझी खूण बरोबर होती. चेन तुम्ही कुंकवावर बसवलीत. त्याला हे तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते."

"जाऊ द्या ना आता."

फोन माझ्याच टेबलावर होता. मी गाडीच्या मालकाचा नंबर लावला आणि रिसीव्हर त्यांच्यासमोर धरला. पलीकडे घंटी वाजत होती.