शिडीखालची पडदेवाली

गल्लीत तिला सगळे पडदेवालीच म्हणत. खिडकीवर एक नजर टाकली की कापड किती लागेल ते टेपशिवाय सांगायची आणि शिडीवर अशी चढायची, जणू घरच्या पायऱ्याच. नवरा खाली शिडी धरून उभा. त्याला उंचीची भयंकर भीती. स्टुलावर चढला तरी डोळे मिटणारा गडी.

यकृताचं दुखणं तिच्या मागे लागलेलं, तेही जुनंच. दारूच्या थेंबालाही कधी शिवली नव्हती, पण लोक कुजबुजायचे. "प्यायले असते तर निदान मजा तरी आली असती," असं म्हणून ती गोळी गिळायची आणि कामाला लागायची.

मग एका सकाळी तिने जाड मखमली पडदा झटकला आणि मनगट काडकन मोडलं. पडली नाही, आपटली नाही.

डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी केली. "यकृत इतकी वर्षं आजारी राहिलं की हाडंही आतून विरळ होत जातात. औषध देते, रोज चालायचं. पण आता पडणं परवडणार नाही. शिडी बंद."

"शिडी बंद म्हणजे धंदा बंद की हो, बाई!"

"आणि खुबा मोडला तर? मग चालणंही बंद."

प्लास्टर निघालं आणि पहिलंच काम आलं ते नाचाच्या शाळेचं. चार उंचच उंच खिडक्या. पडदेवालीने सवयीने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

"उतर," नवरा म्हणाला.

"अहो, आजच्या दिवस. एवढं काम हातचं घालवू?"

"उतर म्हणतो ना!"

जन्मात आवाज न चढवणारा माणूस! ती मुकाट्याने उतरली. त्याने शिडी नाच शिकवणाऱ्या बाईंना धरायला दिली, पडदा खांद्यावर टाकला आणि निघाला वर. शिडी खडखडायला लागली.

"अहो, चढताय की नाचताय?"

"गप्प बस. हूक कुठे अडकवू?"

"डोळे उघडा, म्हणजे दिसेल!"

पडदा लागला. ती दारापर्यंत मागे गेली, मान तिरकी करून बघितलं. "डावीकडून दोन बोटं वर घ्या."

आणि थबकलीच. हेच वाक्य तो इतकी वर्षं खालून ओरडत आला होता. ती वरून फटकारायची, 'तुम्हाला काय कळतंय!'

"अहो, म्हणजे माझे पडदे वाकडे लागायचे?"

"सगळे नाही," वरून उत्तर आलं. "मी ओरडायचो तेवढेच."

तिला हसू आवरेना. इतक्या खिडक्या सजवल्या, पण पडदा खालून बघतात हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं. धंदा कुठला बंद होतोय? आता तर कुठे नीट दिसायला लागलं होतं.

"मला तर आता उजवीकडे उतरल्यासारखा वाटतोय," तो म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय वरून! चला, पुढची खिडकी. आणि जपून हं. माझी हाडं जमिनीवर आहेत, तुमची वर टांगलीत."