मासळीच्या पेटीतलं इन्सुलिन

इन्सुलिनला मासळीचा वास यायला नको, एवढं मला नक्की कळत होतं. भिगवणच्या आमच्या मेडिकलमध्ये शांताआक्कांनी काउंटरवर बाटली ठेवली आणि मी दचकून मागे सरकले. तशी मी शटर वाजलं तरी दचकते. त्या वासाचं सांगतेच, पण अगोदर त्याच्या आधीचं. मेडिकलमध्ये किस्से रिकाम्या स्ट्रिपांसारखे साठतात. टाकू टाकू म्हणता ड्रॉवर भरतो!

*

बारामतीला बी.फार्म. करून मी तात्यांच्या, म्हणजे मालकांच्या, हाताखाली लागले. तेवढ्यात समोर काचेचं चकाचक मेडिकल उघडलं. निम्मं गाव मोबाइलवरून औषधं मागवायला लागलं. मी सगळा धीर गोळा करून म्हटलं, "तात्या, नुसत्या गोळ्या देऊन आता भागणार नाही. बीपी-शुगर तपासू. औषध कसं घ्यायचं ते माणसाला बसवून सांगू. एक टेबल आणि दोन खुर्च्या हव्यात."

"ठिवू कुठं? माझ्या डोक्यावर?"

मी कोल्ड्रिंकच्या फ्रिजकडे बोट दाखवलं. तात्यांनी असं बघितलं, जणू मी त्यांची किडनीच मागितली!

फ्रिज गोडाऊनला गेला, पण अटीवर. "दिवाळीपत्तुर बघतो. खुर्ची रिकामी दिसली की फ्रिज परत हितं, आन् तुझी सर्व्हिस बंद!"

*

खुर्चीत पहिले बसले ते एसटीची वाट बघणारे एक आबा. मी विचारलं, "बीपी बघू का?"

"बघ. गाडी येस्तवर मोकळाच हाय."

पट्टा फुगला, मशीन पींऽऽ करून ओरडलं आणि मी जागेवर उडाले.

"आगं, बीपी माझं बघतीयास का तुझं?"

आबांचं बीपी चांगलंच वाढलेलं होतं. मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. पुढच्या बाजारला आबा हजर, सोबत गावातली चार म्हातारी माणसं! "ह्यांचं बी बघ. पर मशीन वाजल्यावर तू उडतीस, ते बघायचं म्हणून आल्यात. तेवढं उडून दाव!"

तिसरी खुर्ची तात्यांनीच आणली.

*

पुढची आयडिया फोनची. कुणाच्या गोळ्या संपत आल्या की आपण आठवण करायची.

"नमस्कार, मी मेडिकलमधून..."

"लोन नको!" कट.

"नमस्कार, मी..."

"पॉलिसी काढलीया आमी!" कट.

भवानीनगरच्या कारखान्यातल्या एका काकांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पोरी, आवाज लई कापतोय तुझा. तू पाणी पी आन् बस. गोळ्या न्यायला मी येतो." आणि आले की! काकूंच्या गोळ्याही इथूनच सुरू केल्या.

*

बावड्याचं एक जोडपं. दोघांनाही बीपी. गोळी मात्र एकच, अर्धी ह्यांना, अर्धी त्यांना.

"ताट एक, तर गोळी बी एकच," काका म्हणाले.

मी दोघांना बसवलं आणि ज्याची त्याची गोळी पूर्ण का घ्यायची, ते घसा बसेपर्यंत समजावलं. काकूंनी सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे वळल्या. "बघा! मी म्हणत न्हवते, मोठा तुकडा तुमीच खाताय!"

*

आता तो वास. शांताआक्का मासळी विकतात. त्यांचं म्हणणं, "शुगर उतरंना. डाक्टर डोस वाढवतच चाललेत."

"आक्का, इन्सुलिन ठेवता कुठं?"

"थंड जागी ठिवा म्हणली हुतीस ना तू? मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत. बर्फाच्या खाली, चिलापीच्या शेजारी!"

सापडलं! इन्सुलिन बर्फात गोठून केव्हाच वाया गेलं होतं. आक्का नुसतंच टोचून घेत होत्या. मी नवी बाटली दिली आणि बजावलं, "शेजारणीच्या फ्रिजच्या दारात ठेवा. बर्फात अजिबात नाही." तात्यांनी दुकानभर डंका पिटला, "पोरीनं चोर धरला! आता तो फ्रिज इकून टाकतो!" बाटली देताना आयुष्यात पहिल्यांदा माझा हात थरथरला नाही.

आक्का गेल्या. थोड्या वेळानं मी दचकले, आणि या वेळी काहीच वाजलं नव्हतं.

डोस! वाढत गेलेला डोस त्या वाया गेलेल्या इन्सुलिनचा होता. तेवढंच हे चांगलं टोचलं, तर शुगर धाडकन खाली! डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "वाढवण्याआधीच्या, पहिल्याच डोसवर आणा त्यांना. संध्याकाळच्या इंजेक्शनच्या आत कळवा."

आक्कांना फोन लावला. नुसती रिंग. परत लावला. रिंग. तात्या स्कूटर काढून मासळीबाजारात गेले. तिथून त्यांचा फोन, "हितं न्हाईत गं!" ऊन गावाशेजारच्या जलाशयाकडे कललं. तिन्ही खुर्च्यांवर माणसं बसलेली, कुणी एसटीचं नावही काढेना. मी परत नंबर लावला.

"कोन?"

"आक्का! इंजेक्शन घेतलं का?"

"न्हाय अजून. हाटेलाची मासळी साफ करत हुते, बरबटल्या हातानं फोन कसा उचलू?"

"घेऊ नका! थांबा!"

"थांबलेच हाय की! बाटली देताना आज तुझा हात थरथरला न्हाय. तवाच म्हणलं, पोरगी काय तरी इसरली. बोल आता, किती घिऊ?"